दोन पात्रे, एक जागा, दोन दिवस: विद्यार्थ्यांनी लघुपट कसा उभा करावा

विद्यार्थ्यांचा लघुपट अडतो तो बहुधा चित्रीकरण सुरू होण्याच्या आधी, कागदावरच. गोष्ट अशी निवडली जाते की तिला पाच ठिकाणे, नऊ पात्रे, एक पोलीस ठाणे आणि भर पावसातला अपघात लागतो. हाताशी मात्र एक शनिवार-रविवार, मित्राचा कॅमेरा आणि वर्गणीतून जमलेले पंधरा-वीस हजार रुपये असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मी दृश्ये गाळावी लागतात आणि जे उरते त्यातून गोष्ट उभी राहत नाही. हा लेख बारा मिनिटांच्या आतला, दोन दिवसांत चित्रित होणारा आणि सहा-सात जणांच्या गटाने केलेला लघुपट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. त्यातील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: आपल्या मर्यादा आधी मोजाव्यात आणि त्यांनाच पटकथेचा पाया करावे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक कल्पित गोष्ट शेवटपर्यंत सोबत ठेवू. कोल्हापूर-सांगली भागातल्या एका गावातील दूध संकलन केंद्रावर एक तरुण दुधातील फॅट, म्हणजे स्निग्धांश, तपासण्याच्या यंत्रावर काम करतो. एका पहाटे रांगेत त्याचे वडील म्हशीचे दूध घेऊन उभे आहेत, आणि यंत्र सांगते की दुधात पाणी आहे. वडिलांची स्लिप, म्हणजे दुधाची नोंद असलेली पावती, काढायची की नाही, एवढाच प्रश्न. ही गोष्ट एका सकाळीत, एका खोलीत आणि मुख्यतः दोन माणसांत घडते. तिला लागणारी जागा गावोगाव आहे, आणि तिच्यातला ताण दाखवायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही.

पहिली पायरी: काय हाताशी आहे याची यादी

कथा सुचण्याची वाट पाहत बसण्यापूर्वी गटातील प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या जागा, माणसे आणि वस्तू लिहून काढाव्यात. कोणाच्या मामाचे केशकर्तनालय आहे, कोणाच्या घरी जुना वाडा आहे, कोणाची आत्या अंगणवाडीत काम करते, कोणाकडे ट्रॅक्टर आहे. ज्या जागेत आपण निर्धास्तपणे आठ तास काढू शकतो आणि जिथल्या माणसांचे बोलणे, हालचाली व कामाची पद्धत आपल्याला ठाऊक आहे, तिथे घडणारी गोष्ट आपोआप तपशिलाने भरते. शहरातल्या मालिका पाहून सुचलेली खुनाची गोष्ट अशी भरत नाही, कारण ती लिहिणाऱ्याने पोलीस तपास कधी जवळून पाहिलेला नसतो.

इथे एक उदाहरण आवर्जून सांगण्यासारखे आहे. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथे संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाविद्यालयातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. जवळचे जग हीच तुमची सर्वांत मोठी पुंजी आहे, आणि ती भाड्याने आणता येत नाही.

दुसरी पायरी: पटकथा, आणि तिच्यातले बोलणे कमी करणे

आपल्याकडच्या महाविद्यालयांत अभिनयाची आणि लेखनाची तालीम मुख्यतः एकांकिकांतून होते. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी महाराष्ट्राला नट, लेखक आणि दिग्दर्शक दिले, यात शंका नाही. पण रंगमंचावर जे शब्दांतून पोहोचवावे लागते, ते पडद्यावर एका वस्तूने किंवा एका नजरेने पोहोचते. एकांकिका लिहिणाऱ्या मुलांच्या पहिल्या पटकथेत पात्रे एकमेकांना आपली परिस्थिती समजावून सांगत असतात, आणि प्रेक्षकाला शोधण्यासारखे काही उरत नाही.

आपल्या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात मुलगा कदाचित असे म्हणेल: “आबा, तुम्ही दुधात पाणी घातलंय. तुम्हाला माहीत आहे ना, मला हे चालत नाही? बहिणीच्या फीसाठी केलंत ना हे?” या तीन वाक्यांत गोष्ट संपते. दुसऱ्या खर्ड्यात आकड्यालाच बोलू द्यावे. यांच्या म्हशीच्या दुधाला रोज ६.० फॅट लागते. आज यंत्रावर ४.८ उमटते. मिश्रणात पाचवा हिस्सा पाणी असले की फॅट बरोबर इतकीच उतरते, त्यामुळे हा आकडा खराही आहे. मागे रांग आहे. मुलगा आकडा पाहतो आणि एवढेच विचारतो, “आबा, परत लावू?” आबा किटलीचे झाकण लावत म्हणतात, “लाव की.” आता दोघांनाही सर्व माहीत आहे, प्रेक्षकालाही माहीत आहे, आणि कोणी काही बोललेले नाही. यासाठी लेखकाने केंद्रावर दोन-तीन सकाळी नुसते बसून राहिले पाहिजे: नमुना कसा घेतात, स्लिप कशी निघते, फॅट कमी लागली की शेतकरी काय बोलतो, कोण हुज्जत घालतो आणि कोण मुकाट्याने निघून जातो. पटकथेतले सर्वांत चांगले क्षण अशा बसण्यातून मिळतात.

बोलीबद्दलही आग्रह धरावा. पटकथा प्रमाण मराठीत लिहून नटाला ‘जरा गावठी बोल’ असे सांगितले की कानाला खोटा वाटणारा प्रकार तयार होतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोल्हापूरकडची बोली ज्याच्या घरात बोलली जाते, त्याच्याकडून संवाद वाचून घ्यावेत, त्याला सुधारू द्यावेत आणि तेच कायम करावेत.

लांबीचा अंदाज घेताना ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ या प्रचलित मापावर विसंबू नये, कारण ते इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक मांडणीवर बेतलेले आहे आणि देवनागरीत अक्षरांचा आकार व ओळींमधील अंतर यांनुसार पान बदलते. त्याऐवजी सर्वांनी मिळून पटकथा मोठ्याने वाचावी, हालचालींच्या जागी खरोखर तेवढा वेळ थांबावे आणि घड्याळ लावावे. वाचन चौदा मिनिटांचे झाले तर लघुपट सतरा-अठरा मिनिटांचा होईल असे धरून आत्ताच काटछाट करावी. कागदावर खोडलेल्या दृश्याला काही खर्च येत नाही. चित्रित करून संकलनात काढलेल्या दृश्याला गटाचा अर्धा दिवस पडलेला असतो.

प्रसिद्ध लेखकाच्या कथेवर लघुपट करायचा असेल तर हक्कांचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे, त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या कथांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. हक्क शिल्लक असतील तर वारसांना किंवा प्रकाशकांना नम्र पत्र लिहावे, आपण विद्यार्थी आहोत, किती मिनिटांचा लघुपट करणार आणि तो कुठे दाखवणार हे स्पष्ट सांगावे आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी: गट आणि जबाबदाऱ्या

मैत्रीतून जमलेल्या गटात सगळे सगळे करतात आणि त्यामुळे काही कामे कोणाचीच राहत नाहीत. दिग्दर्शन, छायांकन, ध्वनिमुद्रण, संकलन, निर्मिती व्यवस्था आणि सहायक दिग्दर्शन या सहा कामांना सहा नावे हवीत. माणसे कमीच असतील तर संकलकाला चित्रीकरणाच्या वेळी कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात कपडे, वस्तू, हालचाली जुळणे) आणि टेक (एकाच शॉटचा प्रत्येक प्रयत्न) यांच्या नोंदी ठेवायला द्याव्यात. नंतर त्याच नोंदी त्यालाच लागणार असतात. दिग्दर्शकाने स्वतः मुख्य भूमिका करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दृश्य चालू असताना ते बाहेरून पाहणारे एक माणूस लागते, आणि पहिल्या-दुसऱ्या लघुपटात ती जागा रिकामी ठेवणे फार महाग पडते.

निर्मिती व्यवस्थेचे काम कोणाला नको असते, पण लघुपट पूर्ण होतो तो त्या माणसामुळे. परवानग्या, प्रवास, जेवण, पैसे आणि कलाकारांच्या वेळा त्याच्या हातात असतात. याच टप्प्यावर लघुपटाची मालकी कोणाची हेही लेखी ठरवावे. वेगळा करार नसेल तर कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा पहिला हक्कदार निर्माता असतो. महाविद्यालयाने पैसे किंवा साधने दिली असतील तर निर्माता महाविद्यालय की विद्यार्थी, आणि महोत्सवांत लघुपट पाठवण्याचा अधिकार कोणाचा, हे एका पानावर लिहून सह्या घ्याव्यात. यशानंतर या प्रश्नावर मैत्री तुटतात.

चौथी पायरी: जागा पाहणे आणि परवानग्या

रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, करताना ज्या वेळी दृश्य घडते त्याच वेळी जावे. दुपारी तीन वाजता पाहिलेले संकलन केंद्र रिकामे, शांत आणि छान उजेडाचे दिसेल. पहाटे सहाला तिथे चाळीस माणसे, मोटरसायकली आणि किटल्यांचा खणखणाट असेल. दूध गार करण्याची टाकी असेल तर तिचा कॉम्प्रेसर घरघरत असतो आणि दूध आत असताना तो बंद करता येत नाही. केंद्रचालकाला विचारून तो साधारण किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो, याची नोंद घ्यावी. संवादाचे टेक त्या थांबलेल्या वेळेत बसवावे लागतील. उजेड कोणत्या बाजूने येतो, विजेचे सॉकेट कुठे आहेत, जवळ मंदिराचा भोंगा आहे का, एसटी कधी येते, महिला सहकाऱ्यांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, पाऊस आला तर सामान कुठे ठेवायचे, हे सर्व रेकीच्या वहीत यावे. मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्यातून मिनिटभराचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणला आणि घरी हेडफोन लावून ऐकला, तर तिथे न जाणवलेले बरेच काही ऐकू येते.

चालू केंद्रात व्यत्यय आणून चित्रीकरण करणे योग्यही नाही आणि शक्यही नाही. त्यामुळे खऱ्या गर्दीची काही दृश्ये एका सकाळी दुरून, शांतपणे, परवानगीने टिपावीत, आणि बाप-लेकाचे मुख्य दृश्य दूध संकलन संपल्यावर, रांगेत उभे राहायला तयार असलेल्या आठ-दहा गावकऱ्यांसह करावे.

परवानगी नेहमी लेखी घ्यावी. खासगी जागेसाठी मालकाचे साधे संमतीपत्र, महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र आणि रस्त्यावर किंवा चौकात चित्रीकरण असेल तर ग्रामपंचायत अथवा नगरपालिका व स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोच, एवढे कागद एका फाइलमध्ये चित्रीकरणस्थळी ठेवावेत. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. रेल्वे स्थानकासाठी रेल्वेची वेगळी परवानगी लागते. किल्ल्यांपैकी बरेचसे केंद्रीय किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे त्या खात्याकडे जावे लागते. वेळ आणि शुल्क दोन्ही पाहता पहिल्या लघुपटात ही ठिकाणे टाळलेली बरी.

आपल्या गोष्टीत भेसळीचा विषय आहे, म्हणून आणखी एक काळजी घ्यावी लागेल. भिंतीवरचा दूध संघाचा फलक, किटल्यांवरचे नाव, छापील स्लिपवरचे चिन्ह यांपैकी काहीही चौकटीत येता कामा नये. काल्पनिक नावाचा फलक रंगवून घ्यावा. ज्या माणसाने विश्वासाने जागा दिली त्याच्या केंद्रावर संशय येईल असे दृश्य करणे हा विश्वासघात ठरेल. गोष्ट नेमकी काय आहे, हे त्याला आधी पूर्ण सांगावे. म्हैस दाखवायची असेल तर तिच्या रोजच्या दिनक्रमात ढवळाढवळ न करता दाखवावी; पुढे सेन्सॉर प्रमाणपत्र घेण्याची वेळ आली तर प्राण्यांच्या दृश्यांसाठी भारतीय पशुकल्याण मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र मागितले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: कलाकार

वडिलांच्या भूमिकेसाठी विशीतल्या मित्राचे केस पांढरे करणे ही विद्यार्थी लघुपटांतली जुनी चूक आहे, आणि तिच्यामुळे पहिल्या मिनिटातच प्रेक्षक गोष्टीबाहेर जातो. गावात भजनी मंडळात, सोंगी भारुडात, हौशी नाटकांत काम केलेली पन्नाशी-साठीची माणसे भेटतात आणि आदराने विचारले तर आनंदाने येतात. त्यांना ‘अभिनय करा’ असे न सांगता काम द्यावे: किटली उतरवा, झाकण पुसा, पोराकडे न बघता स्लिप घ्या. हात कामात गुंतले की चेहरा मोकळा होतो.

एकांकिकेत तयार झालेल्या मुलांची अडचण वेगळी असते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. तालमीत कॅमेरा दोन फुटांवर ठेवून त्यांचे काम त्यांनाच लगेच दाखवावे. शब्दांनी समजावण्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो. तालमी प्रत्यक्ष जागेत, निदान दोन वेळा तरी घ्याव्यात.

लहान मूल घ्यायचे असेल तर कायद्याने व्यावसायिक चित्रीकरणासाठी घातलेल्या मर्यादा विद्यार्थ्यांनीही स्वतःहून पाळाव्यात: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, पालकांची लेखी संमती आणि त्यांची उपस्थिती. बालकलाकारांविषयीच्या नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीचीही तरतूद आहे. सर्व कलाकारांकडून, मानधन असो वा नसो, काम वापरण्याचे संमतीपत्र पहिल्याच दिवशी सही करून घ्यावे.

सहावी पायरी: शॉट डिव्हिजन आणि दिवसाचे वेळापत्रक

पटकथा पक्की झाली की दिग्दर्शक आणि छायाचित्रकाराने एकत्र बसून दृश्यागणिक शॉट लिहावेत. नवशिक्या गटाला एका कॅमेरा-स्थानासाठी उजेड, फ्रेम, तालीम आणि तीन-चार टेक धरून अर्धा तास सहज लागतो. दहा तासांच्या दिवसातून जेवण, प्रवास आणि मांडामांड वजा केली तर पंधराच्या आसपास स्थाने होतात. यादीत चाळीस असतील तर आजच खोडावीत. खोडताना प्रत्येक दृश्यात ज्याच्यावाचून गोष्ट कळणारच नाही असा एक शॉट खुणेने वेगळा करावा आणि तो त्या दृश्याच्या पहिल्या तासातच घ्यावा. आपल्या दृश्यात तो यंत्रावरचा ४.८ चा आकडा नाही. आकडा नंतर कधीही टेबलावर टिपता येतो. तो शॉट म्हणजे आकडा पाहिल्यावर मुलाने वडिलांकडे पाहणे, आणि वडिलांनी मान वळवलेली असणे.

पहाटेच्या उजेडाचे गणित वेगळे मांडावे लागते. डिसेंबरअखेर या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्यापूर्वीचा निळसर, चित्रीकरणाला पुरेल असा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. एवढ्यात दोन, फार तर तीन शॉट होतात. म्हणून त्या वेळेसाठी फक्त बाहेरचे शॉट राखावेत, कॅमेऱ्याची जागा आदल्या संध्याकाळी जमिनीवर खडूने आखून ठेवावी आणि दोन्ही दिवशी तोच वेळ वापरावा. आतली दृश्ये दिवसा दार-खिडकीवर काळे कापड टाकून आणि ट्यूबलाइटच्या उजेडात करता येतात.

आदल्या रात्री प्रत्येकाच्या मोबाइलवर कॉल शीट गेली पाहिजे: कोणी किती वाजता कुठे यायचे, कोणती दृश्ये, कोणते कपडे, कोणत्या वस्तू, जेवण किती वाजता, जवळचा दवाखाना कुठे. खर्चाची विभागणी करताना जेवण आणि प्रवास यांना पहिला हक्क द्यावा, त्यानंतर ध्वनी, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी. विनामूल्य काम करणाऱ्या माणसाला वेळेवर गरम जेवण मिळणे हा त्याचा मान आहे. एकूण रकमेचा दहावा हिस्सा अचानक येणाऱ्या खर्चासाठी बाजूला ठेवावा.

सातवी पायरी: कॅमेरा आणि उजेड

आजचा बरा मोबाइलदेखील लघुपटाला पुरतो, फक्त त्याला स्वतःचे निर्णय घेऊ देऊ नयेत. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करता येतील असे ॲप वापरावे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे त्यांपैकी एक विनामूल्य मिळते. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवावा, म्हणजे चित्रात लुकलुक येत नाही. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग आपसूक कमी-जास्त करतात आणि त्यामुळे संकलनात ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात. वेग स्थिर ठेवण्याची सोय ॲपमध्ये आहे का, हे आधी पाहावे.

उजेडासाठी थर्माकोलचे दोन मोठे तुकडे, ट्रेसिंग पेपर, काळे कापड आणि एक-दोन एलईडी पॅनेल यांवर बरेच काही साधते. जुना हजार वॉटचा दिवा भाड्याने आणलात तर तो २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या पुढे ओढतो. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर असा एकच दिवा झेपतो, दुसऱ्यासाठी वेगळे सर्किट शोधावे लागते. गावात वीज जाण्याच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि बॅटरीवर चालणारे दिवे भरून ठेवावेत.

आठवी पायरी: ध्वनी

इथे मी मुद्दाम रेंगाळतो, कारण थोडे धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, पण संवाद ऐकू आला नाही की तो त्याच क्षणी लघुपट सोडून देतो. कॅमेऱ्यावर बसवलेल्या माइकने मुद्रित केलेला आवाज फक्त जुळवणीसाठी वापरावा. एक शॉटगन माइक (समोरचा आवाज नेमका टिपणारा) बूमवर, म्हणजे लांब दांडीवर, आणि मुख्य पात्रांना एकेक कॉलर माइक, सोबत वेगळा रेकॉर्डर, एवढे भाड्याने मिळते आणि त्यावर केलेला खर्च पडद्यावर ऐकू येतो. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावे. साधे बोलणे मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, म्हणजे कोणी अचानक ओरडले तरी आवाज फाटत नाही. बूम धरणाऱ्याने माइक चौकटीच्या कडेला लागेल इतका जवळ आणावा, कारण दोन फूट आणि पाच फूट यांतला फरक पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. हेडफोन कानाला लावल्याशिवाय एकही टेक मुद्रित होऊ नये.

प्रत्येक दृश्याआधी पंखा, फ्रिज आणि पाण्याची मोटर बंद करावी आणि मोबाइल विमान मोडवर टाकावेत. पत्र्याच्या छपराखाली पावसाचा एक थेंबही संवाद खातो, म्हणून पावसाळ्यात अशा जागा टाळाव्यात. टेकच्या सुरुवातीला चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी क्लॅप (पाटीचा टाळीसारखा आवाज) द्यावी, दृश्य क्रमांक मोठ्याने म्हणावा. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभे करून त्या खोलीची नुसती शांतता किमान ३० सेकंद मुद्रित करावी. कॉम्प्रेसर चालू असतानाची वेगळी आणि बंद असतानाची वेगळी. संकलनात दोन टेक जोडताना पार्श्वभूमीचा आवाज उडी मारतो, तो या तुकड्यांनी सांधला जातो.

मग दृश्यांपासून वेगळे असे आवाज गोळा करावेत: किटली सिमेंटवर ठेवल्याचा, दूध ओतल्याचा, यंत्राच्या बीपचा, स्लिप फाटल्याचा, दूर म्हैस हंबरल्याचा. हे नंतर करू म्हटले की राहून जाते. आपल्या गोष्टीत कॉम्प्रेसर अचानक थांबणे हा आवाजाचा एक प्रसंगच होऊ शकतो. आकडा उमटतो, घरघर थांबते, आणि आतापर्यंत न ऐकू आलेला आबांचा श्वास ऐकू येतो. रेकीत जो आवाज अडचण म्हणून वहीत आला होता, तोच पटकथेत असा कामाला लावता येतो.

पहाटे केंद्रावर रेडिओ वाजत असतो म्हणून एखादे जुने चित्रपटगीत लावण्याचा मोह होईल, पण ते टाळावे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी संपला तरी गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालू राहतात. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या आजींच्या तोंडून पारंपरिक ओवी, त्यांच्या संमतीने आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव देऊन मुद्रित करावी.

नववी पायरी: दिवसअखेरची नक्कल

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने केलेले ४के चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी होते. बारा मिनिटांच्या लघुपटासाठी आठपट चित्रण धरले तरी ७० जीबीच्या पुढे जाते, आणि ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचे असते. त्यासाठी वेळापत्रकात तासभर ठेवावा. दोन्ही नकला उघडून, मधूनमधून पाहून खात्री झाल्याशिवाय कार्ड पुसू नये आणि दोन्ही डिस्क एकाच पिशवीतून नेऊ नयेत.

दहावी पायरी: संकलन

डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती संकलन, रंगसंस्कार आणि ध्वनिमिश्रण या तिन्हींसाठी पुरेशी आहे. पहिली जोडणी पटकथेबरहुकूम करावी. ती लांबलेली आणि रटाळ वाटेल, त्याने खचून जाऊ नये. नंतर तीन-चार दिवस ती न पाहता राहावे आणि परतल्यावर प्रत्येक दृश्य सर्वांत उशिरा कुठे सुरू करता येईल आणि सर्वांत लवकर कुठे संपवता येईल, एवढाच प्रश्न घेऊन बसावे. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत पहिले दीड मिनिट बहुधा काढून टाकता येते: गजराचे घड्याळ, दात घासणे, चहा पिणे, चालत जाणे. आपला लघुपट किटलीचे झाकण उघडण्यापासून सुरू होऊ शकतो.

शेवट जुळत नसेल तर आणखी एक संवाद घालण्याऐवजी एक काढून पाहावा. गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना बोलावून लघुपट दाखवावा आणि ‘आवडला का’ असे न विचारता ‘काय झाले ते सांगा’ असे म्हणावे. आबांनी पाणी घातले हे त्यांच्यापैकी कोणालाच कळले नसेल तर आकड्याचा शॉट लांबवावा लागेल. मुलगा आता काय करील यावर त्यांच्यात वाद झाला तर काम बरोबर चालले आहे. चित्र लॉक झाल्यानंतरच, म्हणजे शॉटचा क्रम आणि लांबी कायम ठरल्यावरच, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्कार हाती घ्यावेत. मिश्रण हेडफोनवर, साध्या स्पीकरवर आणि शक्य असल्यास महाविद्यालयाच्या सभागृहात ऐकून तपासावे.

अकरावी पायरी: लघुपट बाहेर पाठवणे

इंग्रजी उपशीर्षके मराठी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणाऱ्या माणसाकडून करून घ्यावीत, कारण परप्रांतीय आणि परदेशी परीक्षक लघुपट त्यांतूनच ‘ऐकतो’. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (मिफ), पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (पिफ), तिरुवनंतपुरमचा लघुपट व माहितीपट महोत्सव अशा ठिकाणांच्या तारखा आणि नियम त्यांच्या संकेतस्थळांवर पाहून वर्षाची यादी करावी. चित्रपट शिक्षणसंस्थेत शिकत असाल तर कान महोत्सवाच्या ला सिनेफ या विद्यार्थी लघुपटांच्या विभागाचाही विचार करावा. २०२४ साली तिथले पहिले पारितोषिक पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेतील चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला मिळाले. प्रवेशशुल्क घेणारे आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र वाटणारे अनेक ऑनलाइन महोत्सव आहेत. त्यांवर विद्यार्थ्यांचे पैसे उधळू नयेत. प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर पडद्यावर लघुपट दाखवला जातो का, ही साधी कसोटी लावावी.

यूट्यूबवर लघुपट टाकण्याची घाई करू नये, कारण काही महोत्सव आधी सर्वांसाठी खुला झालेला लघुपट घेत नाहीत. महोत्सवांचे वर्ष संपेपर्यंत तो पासवर्ड लावलेल्या दुव्यावर ठेवावा. चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शन करायचे असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. काम करणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण झालेल्या लघुपटाची प्रत द्यावी, केंद्रचालकाला आणि रांगेत उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांना तो आधी दाखवावा, आणि मूळ चित्रण, ध्वनी, प्रोजेक्ट फाइल, संमतीपत्रे व परवानग्या एकाच नावाच्या फोल्डरमध्ये दोन डिस्कवर ठेवून त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या विभागात जमा करावी. महोत्सवातून वर्ष-दीड वर्षाने वेगळ्या स्वरूपातील प्रत मागितली जाते, तेव्हा गटातले निम्मे जण दुसऱ्या गावी नोकरीला लागलेले असतात.